खाली साचणारा वायू

अमेरिकेच्या उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात घर बांधताना पाया बराच खोल न्यावा लागतो. हिवाळ्यात जमीन जिथपर्यंत गोठते त्याच्याही खाली तो गेला नाही, तर गोठलेली माती फुगून पायाच उचलते. एवढे खोदायचेच आहे तर आणखी थोडे खोदून तळघर काढणे फारसे महाग पडत नाही. म्हणून मिनेसोटा, मिशिगन, ओंटारिओ या भागांतल्या स्वतंत्र घरांखाली बहुधा घराएवढेच तळघर असते. घर उबदार ठेवणारी भट्टी तिथे असते, पाणी तापवायची टाकी असते, कपडे धुण्या-वाळवण्याची यंत्रे असतात आणि उरलेल्या जागेत ज्याला हाताने काही घडवायची हौस आहे त्याचा छोटा कारखाना. कोणी चाकूची पाती घडवतो, कोणी काच वितळवून मणी करतो, कोणी चांदीला डाख देतो. या कामांना लागणारी कडक ज्योत सर्वांत सोयीने मिळते ती प्रोपेनवर. बार्बेक्यूसाठीचा २० पौंडी सिलिंडर पेट्रोल पंपाबाहेरच्या जाळीच्या पिंजऱ्यात मिळतो. रिकामा द्यायचा, भरलेला घ्यायचा. त्यात सुमारे ९ किलोपर्यंत द्रवरूप वायू मावतो. तो जिन्याने खाली नेऊ नये, एवढेच या लेखाचे म्हणणे आहे. पण ते का, हे नीट सांगायला जागा लागते, कारण तो खाली नेणारी माणसे बहुधा निष्काळजी नसतात.

उलट हौशी कारागीर हा जात्याच काळजी घेणारा माणूस. तो सांध्यांना साबणाचे पाणी लावून बुडबुडे येतात का पाहतो, अग्निशामक हाताशी ठेवतो, काम संपले की व्हॉल्व्ह बंद करतो. लेथ, करवत, ग्राइंडर या यंत्रांच्या बाबतीत अशी शिस्त खरोखर उपयोगी पडते, कारण तिथे इजा हाताजवळ होते आणि हात कुठे आहे हे माणसाच्या ताब्यात असते. प्रोपेनचे गणित निराळे आहे. त्याचा धोका काम चालू असताना तेवढा नसतो जेवढा काम संपल्यावर असतो. दिवे मालवून माणूस वर जेवायला गेला, रात्र झाली, आणि खाली एखादा सांधा हळूहळू सुटत राहिला, तर त्या वेळी कोणाचीही काळजी तिथे हजर नसते. तेव्हा काय होणार हे ठरते ते वायू किती आहे, तो कुठे आहे आणि त्याला बाहेर पडायला वाट आहे का यावरून. म्हणून या बाबतीत सुरक्षितता ही सवयीची गोष्ट नसून जागेची गोष्ट आहे, असे माझे म्हणणे आहे; आणि तळघर ही जागा प्रत्येक बाबतीत उलटी पडते.

प्रोपेन हवेच्या दीडपट जड असतो. महाराष्ट्रातल्या स्वयंपाकघरातल्या सिलिंडरमध्ये ब्युटेनचे प्रमाण बरेच असते आणि ब्युटेन तर हवेच्या दुप्पट जड. सांडलेले पाणी जसे उतार शोधते तसा हा वायू जिन्याच्या पायऱ्या उतरतो, दाराच्या फटीखालून सरकतो आणि सर्वांत खालची जागा गाठून तिथे थांबतो. वरच्या मजल्यावरच्या स्वयंपाकघरात गळती झाली तर दाराखालून, गॅलरीतून, जिन्यावरून त्याला वाट मिळू शकते. ओट्याखालच्या कपाटाला तळाशी भोके ठेवायची ती यासाठीच. तळघराला खाली दार नसते. खिडक्या असल्या तर त्या छताला लागून असतात, म्हणजे वायूच्या थराच्या दीड-दोन मीटर वर. त्या उघडल्या तरी खालचा थर हलत नाही.

आता प्रमाण पाहू. हवेत प्रोपेन साधारण २.१ टक्के झाला की मिश्रण पेटू शकते, आणि ९.५ टक्क्यांच्या पुढे गेला की ते इतके दाट होते की पेटत नाही. ४ मीटर लांब, ४ मीटर रुंद आणि २.४ मीटर उंच खोलीत सुमारे ३८ घनमीटर हवा मावते. ती सगळी एकसारखी पेटण्याजोगी व्हायला साधारण दीड किलो प्रोपेन पुरतो. म्हणजे एका पूर्ण भरलेल्या बार्बेक्यू सिलिंडरमध्ये अशा सहा खोल्यांचा ऐवज असतो. पण वायू एकसारखा मिसळतच नाही. तो जमिनीलगतच्या ४० सेंटिमीटरच्या थरात राहिला असे धरले, तर त्या थराला पेटण्याजोगे करायला पाव किलो पुरे. बंद जागेत असे मिश्रण पेटले तर दाब मूळ दाबाच्या आठपटीपर्यंत जाऊ शकतो, आणि घराच्या भिंती त्याच्या अगदी लहान अंशालाच कोसळतात. म्हणूनच गॅसच्या स्फोटाच्या बातम्यांत आगीबरोबर इमारत पडल्याने मेलेल्यांचाही उल्लेख येतो.

ठिणगी कोण देणार, असा प्रश्न येतो. कारागीर तर वर गेला आहे. पण अमेरिकन तळघर स्वतःच ठिणग्यांनी भरलेले असते. पाणी तापवण्याच्या जुन्या टाक्यांखाली लहानशी ज्योत रात्रंदिवस जळत असते, आणि ती जमिनीपासून वीतभर उंचीवर. (२००३ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या घरगुती टाक्यांना ज्वलनशील वाफ आत पेटली तरी ज्वाला बाहेर येऊ नये म्हणून जाळी बसवावी लागते, पण ती पेट्रोलसारख्या वाफा डोळ्यांसमोर ठेवून आखलेली आहे आणि जुन्या टाक्या अनेक घरांत अजून आहेत.) फ्रीझरचा कॉम्प्रेसर आपोआप सुरू होतो. याहून वाईट म्हणजे पाणी उपसणारा पंप. भूजल आत येऊ नये म्हणून अनेक तळघरांच्या कोपऱ्यात एक खड्डा असतो आणि त्यात तरंगत्या स्विचवर चालणारा पंप. तो खड्डा घरातली सर्वांत खोल जागा. म्हणजे वायू आधी तिथे साचणार, आणि पाऊस पडून पाणी चढले की स्विच आपोआप पडणार, नेमका त्याच खड्ड्यात.

१८ मार्च १९३७ रोजी टेक्सासमधल्या न्यू लंडन इथल्या शाळेत जे झाले ते या सगळ्याचे जुने आणि भयंकर उदाहरण आहे. शाळेने तेलविहिरींतून सुटणारा जवळजवळ फुकटचा वायू गरम करण्यासाठी घेतला होता. त्याला वास नव्हता. तो इमारतीखालच्या बुटक्या पोकळीत साचत राहिला. दुपारी कार्यशाळेच्या शिक्षकाने लाकूड घासायच्या विद्युत यंत्राचा स्विच लावला आणि इमारत उडाली. सुमारे ३०० मुले आणि शिक्षक गेले. लक्षात घ्यायची गोष्ट अशी की तो नैसर्गिक वायू होता, मुख्यतः मिथेन, म्हणजे हवेपेक्षा हलका. वर जाऊ पाहणारा वायूसुद्धा वाट नसेल तर जमिनीखालच्या पोकळीत असा साठून राहतो. मग मुळातच खाली बसणाऱ्याची गोष्टच वेगळी. त्या दुर्घटनेनंतर काही महिन्यांतच टेक्सासने वायूत वास मिसळणे सक्तीचे केले आणि ती पद्धत पुढे जगभर गेली. आपल्या सिलिंडरला जो कुजकट वास येतो तो इथाइल मरकॅप्टनचा.

यावर पहिला आक्षेप साहजिक आहे: वास येतो ना, मग अडचण काय? पेटण्याच्या किमान प्रमाणाच्या एकपंचमांश वायू झाला तरी सामान्य नाकाला वास यावा, अशी अपेक्षा अमेरिकेत धरलेली असते. उघड्या हवेत, वर राहणाऱ्या माणसाला, ही योजना चांगली चालते. तळघरात तिच्यात बऱ्याच फटी पडतात. वायू घोट्याशी आणि नाक पाच फुटांवर. वास घेणारा दुसऱ्या मजल्यावर झोपलेला. नव्याकोऱ्या पोलादी सिलिंडरचा आतला पृष्ठभाग मरकॅप्टन शोषून घेतो, गंज त्याचे रूपांतर दुसऱ्या पदार्थात करतो, जमिनीतून झिरपताना माती तो अडवते. त्यामुळे वास फिका पडणे ही नोंदवलेली आणि परिचित गोष्ट आहे. शिवाय नाक दमते. पाच-दहा मिनिटे तोच वास आला की तो जाणवेनासा होतो, आणि कार्यशाळेत फ्लक्स, थिनर, पॉलिश, तेल असे वास आधीच दाटलेले असतात. वयोमानाने घ्राणशक्ती घटते हेही इथे विचारात घेतले पाहिजे, कारण तळघरात घडवत बसणाऱ्यांत निवृत्त माणसे बरीच. वास हा इशारा म्हणून उत्तम आहे, पण संरक्षण म्हणून त्याच्यावर विसंबता येत नाही.

दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे, आणि प्रोपेनच्या बाजूने बोलणारे तो नेहमी पुढे करतात. अमेरिकेच्या ग्रामीण भागात पाइपचा गॅस पोचत नाही तिथे अंगणात प्रोपेनची मोठी टाकी असते आणि त्या वायूवर तळघरातली भट्टी कायदेशीरपणे चालते. मग टॉर्चला का नाही? उत्तर यंत्रणेत आहे. भट्टीत वायू येतो तो बाहेरच टप्प्याटप्प्याने दाब उतरवून, ११ इंच पाण्याच्या स्तंभाएवढ्या किरकोळ दाबाने. नळ पक्का, धातूचा आणि दाब देऊन तपासलेला. ज्योत विझली तर व्हॉल्व्ह आपोआप बंद होतो, आणि वर्षानुवर्षे त्या सांध्यांना कोणी हात लावत नाही. हौशी माणसाच्या टॉर्चमध्ये यांतले एकही नसते. २१ अंश तापमानाला सिलिंडरमध्ये वातावरणाच्या सुमारे आठपट दाब असतो, त्यापुढे रबरी नळी, हाताने उघडायचा व्हॉल्व्ह, दर महिन्याला सुटणारा-जोडला जाणारा सांधा, आणि ज्योत विझली तर वायू तसाच वाहत राहतो. शिवाय पक्क्या नळाच्या बाजूनेही मी फार ठामपणे बोलणार नाही. ब्रिटनने तर अधिक कडक भूमिका घेतली आहे: तळघरात एलपीजीची (म्हणजे प्रोपेन-ब्युटेनची) टाकी नको, आणि आपोआप पेटणारी किंवा सतत ज्योत ठेवणारी एलपीजीची उपकरणेही नकोत.

ब्रिटनच्या या कडकपणामागे काय असू शकते ते ग्लासगोत दिसले. ११ मे २००४ रोजी दुपारी तिथल्या मेरीहिल भागातला स्टॉकलाइन प्लास्टिक्सचा चार मजली जुना कारखाना एका स्फोटात खाली बसला. ९ जण मेले, तीसहून अधिक जखमी झाले. आवारातल्या टाकीतून एलपीजी आत नेणारा पोलादी नळ १९६९ मध्ये टाकला होता. १९७३ मध्ये आवाराची पातळी उंचावली तेव्हा तो जमिनीखाली गेला आणि तिथे तो गंजला. वायू मातीतून झिरपत इमारतीच्या तळघरात आला, साचला, पेटला. १९८८ मध्येच सुरक्षा अधिकाऱ्यांच्या पाहणीत तो नळ उकरून पाहण्याचा मुद्दा निघाला होता. उकरला गेला नाही. लॉर्ड गिल यांच्या सार्वजनिक चौकशीचा अहवाल २००९ मध्ये आला आणि त्यानंतर जमिनीत पुरलेले एलपीजीचे धातूचे नळ बदलण्याची मोहीम देशभर हाती घेतली गेली. या प्रकरणात मला महत्त्वाची वाटते ती एक गोष्ट. त्या तळघरात कोणी सिलिंडर ठेवला नव्हता, तिथे कोणी टॉर्च वापरत नव्हते. तळघराचा दोष एवढाच की ते सर्वांत खाली होते. म्हणून नुसते ‘सिलिंडर बाहेर ठेवा’ एवढे सांगून भागत नाही. बाहेरून आत येणारा नळ दिसेल असा असावा, पुरलेला नसावा, आणि काम नसताना त्याचा व्हॉल्व्ह बाहेरच बंद व्हावा.

मग लहान डबा चालेल का? प्लंबर जो एक पौंडी निळा किंवा हिरवा डबा टॉर्चला लावतात, तो? इथे अमेरिकेतले एनएफपीए ५८ हे एलपीजीचे मानक सोयीचा धडा देते. राहत्या घरात, तळघर आणि घराला लागलेले गॅरेज धरून, २.७ पौंड पाण्याएवढी क्षमता असलेल्या डब्याहून मोठा सिलिंडर साठवू नये, आणि एकूण क्षमता ५.४ पौंडांच्या पुढे जाऊ नये, असे ते सांगते. म्हणजे एक पौंडी डबे दोन, बस. मानक करणाऱ्यांनी इथे शून्य लिहिले नाही. कारण घरातली तांब्याची गळकी नळी जोडायला टॉर्च लागतोच. पण वरचे गणित पुन्हा पाहिले तर एका डब्यातला जवळपास अर्धा किलो वायू जमिनीलगतच्या थरात राहिला, तर तोही पुरेसा आहे. हे मानक सुरक्षित प्रमाण सांगत नाही, सहन करण्याजोगे प्रमाण सांगते. हा फरक अनेक जण विसरतात. डाख द्यायला डबा खाली नेला तर चालेल, पण काम झाल्यावर टॉर्च सोडवून तो वर, बाहेर, सावलीत ठेवावा. टॉर्च तसाच लावून कपाटात ठेवण्याची सवय अगदी सर्रास आहे, आणि सांधा गळतो तो तिथेच.

पंखा बसवला तर? हवा खेळती ठेवण्याचा उपाय बरोबर आहे, पण तळघरात तो अर्धवट केला तर उलटतो. पंखा छताजवळ असेल तर खालच्या थराला तो हात लावत नाही. जमिनीजवळ असेल तर वायू त्याच्या मोटरवरूनच जातो, आणि साध्या मोटरला ठिणगी असते. आणि बाहेरची हवा आत यायला वेगळी वाट न ठेवता पंखा नुसता ओढत राहिला, तर तळघरातला दाब कमी होतो आणि पाणी तापवणाऱ्या टाकीच्या चिमणीतून धूर वर जायच्याऐवजी आत येतो. त्यात कार्बन मोनॉक्साइड असतो. हा धोका ज्योत चालू असतानाचा, म्हणून निराळा. एक किलो प्रोपेन पूर्ण जळायला सुमारे १३ घनमीटर हवा लागते. आपल्या ३८ घनमीटरच्या खोलीत तासाला किलोभर जाळणारी भट्टी पेटवली तर ती किती वेळात दूषित हवेत जळू लागेल हे कोणीही मोजू शकतो. डिटेक्टरबद्दलही असाच गैरसमज आहे. कार्बन मोनॉक्साइडचा डिटेक्टर प्रोपेन ओळखत नाही, आणि प्रोपेन ओळखणारा छताला लावला तर उपयोगाचा नाही. तो जमिनीपासून वीत-दीड वीत उंचीवर हवा. अनेक डिटेक्टरांतले संवेदक सिलिकॉनच्या वाफांनी निकामी होतात, आणि कार्यशाळेत सिलिकॉनचे फवारे आणि लांबी नेहमीचीच. लावावा जरूर, पण त्याच्या भरवशावर सिलिंडर खाली नेऊ नये.

हिवाळ्याचा आक्षेप महाराष्ट्रातून गेलेल्या वाचकाला लगेच पटतो, कारण थंडीत गॅस कमी येतो हा आपला अनुभव आहे. बाहेर उणे वीस अंश असताना सिलिंडर अंगणात कसा चालेल? पण आपला अनुभव ब्युटेनचा आहे. ब्युटेन शून्याच्या जरासे खाली गेले की उकळतच नाही, मग वायू येणार कुठून. प्रोपेन उणे ४२ अंशांना उकळतो. उणे २० लाही सिलिंडरमध्ये वातावरणापेक्षा सुमारे दीडपट जास्त दाब शिल्लक असतो, आणि लहान भट्टीला बहुधा तेवढा पुरतो. वायू काढताना सिलिंडर आणखी गार होतो हे खरे, पण त्यावर मोठा सिलिंडर हा उपाय आहे, तळघर नव्हे. गारठलेला सिलिंडर उबदार घरात आणण्याचा वेगळाच धोका आहे. उणे २० पासून २० अंशांपर्यंत तापला की द्रव सुमारे दशांश भागाने फुगतो. सिलिंडर ८० टक्केच भरायचा, आणि नव्या व्हॉल्व्हमध्ये तरंगता अडसर बसवायचा, तो यासाठीच. कोणी जास्त भरून दिला असेल तर सुरक्षा व्हॉल्व्ह उघडून वायू सोडतो. तो अंगणात सोडला तर वाऱ्यावर जातो.

महाराष्ट्रात तळघर हे अमेरिकेसारखे घराघरात नाही, पण प्रश्न अगदी परका नाही. मुंबई-पुण्यात इमारतीखालच्या जागेत पार्किंगबरोबर गोदामे, स्वयंपाकघरे, दुरुस्तीचे गाळे थाटले जातात, आणि १९ किलोचे व्यावसायिक सिलिंडर तिथे उतरवले जातात ते जागा स्वस्त म्हणून. भारतीय मानकांचाही रोख सिलिंडर जमिनीच्या पातळीखाली ठेवू नये असाच आहे, आणि आपला वायू प्रोपेनहून जड असल्याने तो अधिक काटेकोर पाळायला हवा. हुपरीची चांदी असो की झवेरी बाजारातले सोने, कारागिरांच्या टॉर्चबद्दल जेव्हा चर्चा होते तेव्हा ती आग, धूर आणि दाटीवाटी यांभोवती फिरते. कारखाना कुठल्या पातळीवर आहे हा प्रश्न क्वचित विचारला जातो. जिथे पाइपचा गॅस आला आहे तिथे चित्र निराळे होते, कारण मिथेन वर जातो. पण न्यू लंडन लक्षात ठेवून, आणि डिटेक्टर छताजवळ हलवून.

उत्तर अमेरिकेतल्या हौशी कारागिराकडे पर्याय पुष्कळ आहेत आणि ते फार खर्चिकही नाहीत. धातू वितळवायला विजेची लहान भट्टी किंवा इंडक्शन चालते. काच मऊ झाल्यावर हळूहळू थंड करायला तर विजेची भट्टीच लागते. पाइपचा गॅस घरात असेल तर ऑक्सिजन काढणाऱ्या यंत्राबरोबर तो मणी करण्याच्या टॉर्चला पुरतो, फक्त जोडणी परवानाधारकाकडून करून घ्यावी. प्रोपेनशिवाय ज्याचे चालतच नाही त्याने सिलिंडर भिंतीबाहेर ठेवावा, रेग्युलेटर त्याच्यावरच लावावा म्हणजे आत येणारा दाब कमी राहील, आत येण्यापूर्वीच स्थानिक नियमांप्रमाणे धातूचा नळ घालावा, आणि काम संपवताना बाहेरचा व्हॉल्व्ह आधी बंद करून नळातला उरलेला वायू टॉर्चवरच जाळून टाकावा. त्याच क्रमाने, नाहीतर नळ भरलेलाच राहतो. चाकूची पाती घडवणाऱ्यासाठी मात्र खरी जागा परसातली उघडी शेड. मिनेसोटात तिथे वर्षाचे काही महिने उभेही राहवत नाही. तेवढे महिने हातोडा बाजूला ठेवावा लागतो, आणि लोक ठेवतातही.